फक्त भाड्याने देण्यासाठी नवीन घर बांधायचं आहे: हिशोब आणि आराखडा, दोन्हींवर मतं हवीत

पायवाट:
नमस्कार मंडळी. एक प्लॉट बऱ्याच वर्षांपासून आमच्या नावावर आहे. तिथे स्वतः राहायला जाण्याचा विचार नाही. घर बांधून भाड्याने द्यायचं आणि निवृत्तीनंतर नियमित उत्पन्नाची सोय करायची, असं दोघांनी ठरवलंय. वास्तुविशारदांनी पहिला आराखडा दिलाय: एकच प्रशस्त घर, दोन मजले, आतून जिना, तीन बेडरूम, प्रत्येकीला स्वतंत्र बाथरूम.

भाव जागेप्रमाणे बदलतात, म्हणून एकूण खर्च १०० धरून आकडे देतो. जमीन आजच्या बाजारभावाने ४०. बांधकाम ५०. आराखडा, परवानग्या, वीज-पाण्याच्या जोडण्या आणि बांधकाम चालू असतानाचं व्याज मिळून १०. वर्षाचं भाडं ६ येईल असं दिसतंय. जमीन आपलीच आहे, त्यामुळे कर्ज ६० घ्यावं लागेल, व्याज ८ टक्के. म्हणजे ६० वर ६, दहा टक्के परतावा. हे बरोबर आहे ना? आणि मुद्दाम भाड्यासाठी बांधताना आराखड्यात काय वेगळं करावं? आम्ही दोघंही नोकरी करतो, साइटवर रोज उभं राहणं शक्य नाही, तेही लक्षात घेऊन सांगा.

शिलकीचा_मेळ:
पायवाट, आकडे इतके मोकळेपणाने मांडलेत हे फार बरं केलंत. पण दहा टक्के हा आकडा आधी वहीतून खोडा. जमीन तुमची असली तरी ती फुकट नाही. आज विकली तर ४० हातात येतात आणि ते कुठेही गुंतवता येतात. घर बांधून तुम्ही ते ४० याच कामात अडकवताय. तेव्हा परतावा १०० वर मोजायचा.

आता त्या ६ चं काय होतं बघा. भाडेकरू बदलताना, रंगरंगोटी करताना वर्षाकाठी सरासरी एक महिना घर रिकामं राहतं असं धरा. एक महिना म्हणजे वर्षाच्या भाड्याचे ८.३३ टक्के, इथे ०.५. देखभालीला बांधकामखर्चाच्या एक टक्का दरवर्षी बाजूला काढावा हा जुना ठोकताळा आहे, तो आणखी ०.५. पहिल्या चार-पाच वर्षांत एवढा खर्च होणार नाही, पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग, गीझर, पंप हे सगळे पुढे एकदम उभे राहतात. तेव्हा ती रक्कम साठलेलीच हवी. कर आणि विमा ०.५. भाडेकरू शोधणं, करार, किरकोळ फेऱ्या यांना ०.३. एकूण १.८ गेले, उरले ४.२.

म्हणजे निव्वळ परतावा ४.२ टक्के, आणि तुम्ही ८ टक्क्यांनी पैसे उचलताय. ६० चं पहिल्या वर्षाचं व्याजच ४.८ होतं. २० वर्षांची मुदत घेतली तर वर्षभराचे हप्ते ६ च्या थोडे वर जातात. म्हणजे घर एक दिवसही रिकामं न राहता, एक रुपयाही दुरुस्तीला न जाता सगळं भाडं जेमतेम हप्त्यात जाईल. खऱ्या हिशोबाने दरवर्षी खिशातून १.८ घालावे लागतील.

याचा अर्थ बांधू नका असा नाही. हप्त्यातून मुद्दलही फिटत असतं, जमिनीचा भाव वाढू शकतो, भाडंही वाढत जाईल. पण भाडं स्वतःच्या बळावर घर फेडेल ही अपेक्षा असेल, तर या आकड्यांत ती पूर्ण होत नाही. जमिनीच्या भाववाढीवर भिस्त ठेवायची असेल, तर ती ठेवतोय हे तुम्हा दोघांना स्पष्ट माहीत असावं.

नवी_चौकट:
मेळ यांच्याशी सहमत. आणि एक विचारायचं होतं, तयार घर का नाही घेत? पहिल्या महिन्यापासून भाडं सुरू.

पायवाट:
मेळ, धन्यवाद. हे वाचून आम्ही दोघं बराच वेळ वहीच घेऊन बसलो होतो. नवी_चौकट, तयार घराचा विचार केला होता, पण प्लॉट विकून दुसरीकडे घ्यायचं तर विक्रीवरचा कर, नोंदणी, दलाली यात बरीच रक्कम जाते. शिवाय या भागात भाड्याने घर शोधणारे खूप आहेत, हे आम्ही स्वतः पाहतोय.

ओळंबा:
मी बांधकामावर देखरेख करतो. जागा हातात आहे आणि मागणी आहे, तर बांधण्यात काही गैर नाही. बांधण्याचा एकच मोठा फायदा असतो: नळ कुठून जातील, भिंत किती जाड असेल, दोन घरं करायची की एक, हे तुम्ही ठरवता. तयार घरात दुसऱ्याने ठरवलेलं निस्तरत बसावं लागतं. पण तो फायदा वापरला नाही, आणि स्वतः राहण्यासाठी बांधतो तसंच घर बांधलं, तर नुसतीच उशिराची आणि खर्चवाढीची जोखीम अंगावर घेतल्यासारखं होतं. तुमचा सध्याचा आराखडा मला त्याच वाटेने जाताना दिसतोय.

पहिला प्रश्न: एकच घर का? त्याच प्लॉटवर वर एक आणि खाली एक अशी दोन छोटी घरं बसतात का, स्थानिक नियम परवानगी देतात का, हे विचारलंत का?

शिलकीचा_मेळ:
ओळंबांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. लगेच आकडे मांडतो.

दोन घरं म्हणजे दोन स्वयंपाकघरं, जास्तीचे नळ, दोन मीटर, बाहेरून जिना. बांधकाम ५० चं ६० होईल, इतर खर्च १० चा ११. जमीन तेवढीच, ४०. एकूण १११. प्रत्येक घराचं भाडं मोठ्या घरापेक्षा कमी, समजा ४.२. दोन्ही मिळून ८.४. रिकामे महिने ०.७, देखभाल ०.७५ (स्वयंपाकघर आणि बाथरूम यांचीच दुरुस्ती जास्त निघते, म्हणून जरा चढा धरलाय), कर-विमा ०.६, व्यवस्थापन ०.४. खर्च २.४५, शिल्लक ५.९५. परतावा साधारण ५.४ टक्के.

५.४ म्हणजे डोळे दिपवणारा आकडा नाही. पण वाढीव भाग वेगळा काढून बघा. जास्तीचे ११ घातले आणि निव्वळ उत्पन्न १.७५ ने वाढलं. त्या ११ वर हा जवळजवळ १६ टक्के परतावा आहे. कारण जमिनीचे ४० दोन्ही आराखड्यांत तेवढेच अडकतात.

जास्तीचे ११ही कर्जानेच घेतलेत, म्हणजे कर्ज ७१, तर व्याज ५.७ च्या आत बसतं. निव्वळ उत्पन्नातून व्याज सुटतं, पूर्ण हप्ता नाही. २० वर्षांच्या मुदतीत हप्ताही भाड्यातूनच फेडायचा असेल, तर कर्ज ५९ च्या आसपास थांबवावं लागेल आणि १२ स्वतःच्या शिलकीतून घालावे लागतील. शिवाय एक घर रिकामं असताना दुसऱ्याचं भाडं येत राहतं. एकाच घरावर सगळा भार असला, की ते रिकामं पडल्या महिन्यात आवक थेट शून्य.

उंबरा:
मी जरा वेगळं मत मांडते. आमची तीन घरं भाड्याने आहेत, दोन लहान, एक मोठं. मोठ्या घरातलं कुटुंब वर्षानुवर्षं राहतंय. मुलांची शाळा जवळ, त्यामुळे हलायचं नाव नाही. लहान घरांत मात्र नोकरी बदलली, लग्न ठरलं, की माणसं जातात. दर वेळी रंग, सफाई, कुलपं बदलणं, नवीन माणसाची पारख. मेळ यांनी दोन्हीकडे सरासरी एकच महिना रिकामा धरलाय, ते मला पटत नाही. लहान घराला जास्त धरा.

आणि मागणी आहे म्हणजे नेमकी कुणाची, ते आधी बघा. जाहिरातीत मागितलेलं भाडं पाहून काही कळत नाही. कुठल्या आकाराचं घर किती दिवसांत उठतंय आणि शेवटी कितीला ठरतंय, ते विचारा. तीन-चार वेगवेगळ्या दलालांना विचारलं की चित्र स्पष्ट होतं.

शिलकीचा_मेळ:
उंबराताई, रास्त आहे. दोन्ही लहान घरांना वर्षाला दोन-दोन महिने रिकामे धरले तर आणखी ०.७ जातात, शिल्लक ५.२५ राहते. तरी १११ वर ४.७ टक्के, म्हणजे एका घरापेक्षा वरच. पण फरक बराच कमी झाला, हे खरंय. सतत माणसं बदलत असतील तर तुम्ही म्हणता तो मनस्तापही हिशोबात आला पाहिजे.

कडीकोयंडा:
इथे सगळे मालकाच्या बाजूने बोलताहेत, म्हणून भाडेकरूच्या बाजूने लिहितो. आयुष्यातला मोठा काळ भाड्याच्या घरांत गेलाय, नोकरीच बदलीची. घर सोडावंसं कशाने वाटतं ते सांगतो, कारण घर रिकामं राहण्याचा खर्च तिथूनच सुरू होतो.

आवाज. सगळ्यात आधी आवाज. वरच्या घरात खुर्ची सरकली की खाली कळते, शेजारच्या बाथरूममध्ये पाणी सोडलं की पलंगाच्या डोक्याशी खळखळतं. अशा घरात माणूस करार संपायची वाट बघतो.

मग ओल. कपाटाच्या मागच्या भिंतीवर काळी बुरशी, कपड्यांना वास. मालक म्हणतो खिडक्या उघडत नाही, आम्ही म्हणतो भिंतच ओली आहे. दोघांचं भांडण होतं आणि भिंत तशीच राहते.

मग कपडे वाळवायला जागा नसणं. सामान ठेवायला माळा, कपाट नसणं. वॉशिंग मशिनला नळ एका भिंतीवर आणि प्लग दुसऱ्या भिंतीवर. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकच सॉकेट.

इटालियन फरशी, छताला नक्षी, रंगीत दिवे यांच्यामुळे मी कधी एकही महिना जास्त राहिलो नाही. आंघोळीच्या पाण्याला जोर असणं, मोबाइलला घरात रेंज असणं, आणि तक्रार केली की दोन दिवसांत माणूस येणं, यांच्यामुळे मात्र राहिलो. पगारवाढ झाल्यावरही तेच घर धरून ठेवलंय. पायवाट, प्रत्येक बेडरूमला स्वतंत्र बाथरूम देण्यापेक्षा तो पैसा भिंतीत आणि स्लॅबमध्ये घाला.

उंबरा:
कडीकोयंडा, तुमचा प्रतिसाद प्रत्येक घरमालकाने वाचावा असा आहे. दोन दिवसांत माणूस येणं, हे अगदी खरं. चांगला भाडेकरू टिकवायचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

ओळंबा:
आता सविस्तर लिहितो. कडीकोयंडांनी सांगितलेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ आराखड्याच्या कागदावर असतं. नंतर त्या दूर करायला दसपट खर्च येतो.

आवाजाचे दोन प्रकार असतात. बोलण्याचा, टीव्हीचा आवाज हवेतून येतो. तो अडवायला भिंत जड लागते. वजन दुप्पट केलं तर सिद्धांताने साधारण ६ डेसिबल जास्त अडतो. पण त्याच भिंतीत समोरासमोर सॉकेटची खोबणी पाडली किंवा वर फट राहिली, तर जाडीचा फायदा गेलाच. तेव्हा दोन घरांमधल्या भिंतीत पाठीला पाठ लावून स्विचबोर्ड देऊ नका. दुसरा प्रकार आपटण्याचा: पावलं, खुर्च्या, पडलेली भांडी. तो स्लॅबमधूनच उतरतो, नुसतं वजन वाढवून भागत नाही. वरच्या मजल्याच्या फरशीखाली लवचीक थर घालतात, तो फरशी बसवण्याआधीच घालायला हवा. याहून सोपी गोष्ट म्हणजे खोल्या एकावर एक नीट बसवणं. वरचं स्वयंपाकघर खालच्या स्वयंपाकघरावर, बाथरूम बाथरूमवर, बेडरूम बेडरूमवर. तुमच्या आराखड्यात वरचं एखादं बाथरूम खालच्या बेडरूमवर येतंय का बघा. येत असेल तर आजच हलवायला सांगा.

बाथरूमवर बाथरूम आलं की नळांचा प्रश्नही सुटतो. सगळ्या उभ्या पाइपांना बाहेरच्या बाजूला एक डक्ट द्या, माणूस आत उभा राहून पाना फिरवू शकेल एवढी रुंद, आणि तिला दार ठेवा. मी अशी घरं पाहिलीत जिथे खालच्या छताला थेंबभर ओल आली आणि वरचं अख्खं बाथरूम फोडावं लागलं, कारण पाइप भिंतीत गाडलेला आणि सांधा नेमका कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. प्लंबर येतो, टाइलवर नाणं वाजवत जातो, पोकळ आवाज आला की तिथे छिन्नी लावतो. दोन टाइल निघतात, कोरडं. आणखी दोन, तरी कोरडं. पाणी फरशीखालच्या कोब्यातून वाहत कुठूनही कुठे निघतं. तोवर भाडेकरू पाहुण्यांकडे राहायला गेलेला असतो आणि त्या महिन्याचं भाडं मागायला तुमची जीभ रेटत नाही. डक्ट असती तर तासाभराचं काम होतं.

प्रत्येक घराला पाणी बंद करायचा स्वतंत्र मुख्य व्हॉल्व्ह, आणि प्रत्येक बाथरूमला, स्वयंपाकघराला वेगळा व्हॉल्व्ह. एका घरातला नळ दुरुस्त करताना दुसऱ्या घराचं पाणी बंद करावं लागू नये.

बाथरूमच्या फरशीला जाळीकडे उतार मीटरला किमान १० ते १२ मिलिमीटर. वॉटरप्रूफिंगचा थर फरशीवर थांबवायचा नाही, भिंतीवर वर चढवायचा, शॉवरच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीपर्यंत. मग जाळी बंद करून पाणी साठवायचं, किमान २४ तास. खालच्या छताला हात लावून बघायचं. ते कोरडं राहिल्याशिवाय टाइल लावणाऱ्याला आत सोडायचं नाही. टाइल लावणारे ताटकळत बसले असतात आणि ठेकेदार घाई करतो, तरी नाही. नळाच्या लाइनही प्लास्टरने झाकायच्या आधी दाबाखाली तपासायच्या, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन.

नवी_चौकट:
ओळंबा, वीजेचं पण सांगा ना.

ओळंबा:
प्रत्येक घराला वेगळा मीटर, वेगळा डीबी (घरातली वीज वाटणारा मुख्य बोर्ड). गळती झाली की प्रवाह तोडणारा आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा, प्रत्येक घरात हवाच. भाडेकरू कुठलं जुनं गीझर किंवा इस्त्री आणून लावेल सांगता येत नाही, आणि ओल्या हातांनी होणारे अपघात हाच वाचवतो. अर्थिंग नीट मोजून घ्या. स्वयंपाकघर, गीझर, वॉशिंग मशीन, एसी यांना वेगवेगळी सर्किट. जिन्यातला दिवा आणि पाण्याचा पंप यांचा मीटर तिसरा, तुमच्या नावावर. नाहीतर पंपाच्या बिलावरून दोन्ही घरं कायम तक्रार करत राहतात.

खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवाल तेव्हा प्रत्येक घरात निदान एक जाळी आतून किल्लीशिवाय उघडणारी ठेवा. आग लागली तर दाराव्यतिरिक्त बाहेर पडायला वाट हवी. यावर तडजोड नको.

पायवाट:
मंडळी, किती नेमकं सांगताय! आजच वास्तुविशारदांशी बोललो. वर-खाली दोन घरं नियमात बसतात, पण दोन गाड्यांची जागा दाखवावी लागेल. ती पुढच्या मोकळ्या भागात बसतेय. एक मोठी शंका राहिली. रोज साइटवर जाता येणार नाही, तर काम चांगलं होतंय हे कसं कळायचं? ठेकेदार ओळखीतला आहे, त्याने आधीची दोन-तीन घरं दाखवली, चांगली वाटली.

ओळंबा:
नवीन घरं सगळीच चांगली दिसतात. त्याने पाच-सात वर्षांपूर्वी बांधलेलं घर बघायला मागा, आणि तिथल्या माणसाला गच्चीबद्दल आणि बाथरूमबद्दल विचारा.

रोज जाण्याची गरज नाही. पण काही टप्पे असे असतात की ते झाकले गेले की पुन्हा दिसत नाहीत. त्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी बघून 'पुढे चला' म्हटल्याशिवाय काम पुढे जायचं नाही, हे करारात लिहा. पाया खणल्यावर काँक्रीट ओतण्याआधी. कॉलमच्या सळया बांधून झाल्यावर. प्रत्येक स्लॅबच्या आदल्या दिवशी. प्लास्टरच्या आधी. टाइलच्या आधी. हे बघायला एक स्वतंत्र इंजिनियर नेमा, ज्याचे पैसे तुम्ही देता. ठेकेदाराचाच माणूस ठेकेदाराचं काम तपासू शकत नाही, मग ओळख कितीही असो.

पायाच्या आधी मातीची तपासणी करून घ्याच. पाण्याने फुगणारी आणि उन्हात आक्रसणारी माती असेल आणि पाया तिला साजेसा नसेल, तर वर कितीही चांगलं बांधा, भिंतींना तिरप्या भेगा पडणारच. तपासणीचा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने अगदीच किरकोळ असतो.

स्लॅबच्या दिवशी एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची: पाणी. सिमेंटला घट्ट व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण पाव भागाइतकं पाणी रासायनिक क्रियेसाठी लागतं, त्यापुढचं थोडं काम सोपं व्हावं म्हणून घालतात. मजुरांना पातळ मिश्रण ओतायला सोपं जातं, म्हणून कुणीतरी पाइप धरतोच. ते जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि त्या जागी बारीक छिद्रं राहतात. काँक्रीट कमजोर होतं, पाणी झिरपतं, सळईपर्यंत पोचतं. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि खालचं काँक्रीट फोडून पोपडे पाडतो. दहा-बारा वर्षांनी छतातून सळया दिसायला लागतात, त्याची सुरुवात बऱ्याचदा त्या पाइपपासून झालेली असते. सळईखाली कव्हर ब्लॉक (सळईला साच्यापासून वर उचलून धरणारे छोटे ठोकळे) नीट बसलेत का, हेही त्याच दिवशी बघायचं.

त्यानंतर पाणी मारणं. आधी पाणी कमी घाला म्हणालो, आता भरपूर म्हणतोय. पण हे वरून, घट्ट झाल्यावर. सात दिवसांत काँक्रीटला ठरलेल्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात. या काळात ते ओलं ठेवलं पाहिजे. स्लॅब ओततानाच त्याच काँक्रीटचे ठोकळे भरून ठेवायला सांगा, ७ आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून बघतात. तुम्ही नोकरीवर असताना साइटवर काय झालं, ते त्या आकड्यातून कळतं.

आणि प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, भिंतीला मोजपट्टी लावून. कुठला पाइप जमिनीपासून किती उंचीवर, वायर कुठून वळली, सगळं दिसलं पाहिजे. पुढे भाडेकरू चित्र टांगायला खिळा ठोकणार आहे, तेव्हा हे फोटो उपयोगी पडतील.

शिलकीचा_मेळ:
पैशांच्या बाजूने दोन गोष्टी. पैसे टप्पा पूर्ण झाल्यावर द्यायचे, सुरू होताना नाही. आणि एकूण रकमेचे ५ ते १० टक्के राखून ठेवायचे, घर ताब्यात घेतल्यानंतर सहा महिने ते वर्षभर. नव्या घराचे बरेच दोष पहिल्या वर्षातच दिसतात. पैसे बाकी असतील तर ठेकेदार फोन उचलतो.

दुसरी गोष्ट उशिराची. कर्ज जवळपास पूर्ण उचलून झालंय आणि काम रखडलंय, तर तुमच्या मूळ आराखड्यात महिन्याला व्याज ०.४ आणि बुडालेलं भाडं ०.५, मिळून ०.९ जातात. सहा महिने रखडलं तर ५.४, म्हणजे एका वर्षाच्या निव्वळ उत्पन्नाहून जास्त. दोन घरांच्या आराखड्यात हे आणखी बोचेल, कारण कर्जही मोठं आणि बुडणारं भाडंही. काम बऱ्याचदा मालकाने मध्येच बदल सांगितल्याने रखडतं. म्हणून सगळे निर्णय, अगदी नळाच्या तोट्यांपर्यंत, पाया खणण्याआधी घ्या. त्यानंतरचा प्रत्येक बदल लेखी, किंमत आणि लागणारे दिवस लिहून, दोघांच्या सह्यांनी. अनपेक्षित खर्चासाठी बांधकामाच्या १० ते १५ टक्के बाजूला हवेतच.

उंबरा:
बाथरूमच्या टाइल, फरशी आणि बाहेरच्या रंगाचा शेड, हे दोन्ही घरांत एकच ठेवा. तोट्या, कुलपं, पंखे, स्विचही एकाच कंपनीचे आणि सहज मिळणारे. एक खोकं सुट्ट्या भागांचं भरून ठेवलं की दोन्ही घरांना चालतं. भिंतींना धुता येईल असा रंग लावा, आणि त्याचा शेड क्रमांक लिहून ठेवा. भाडेकरू गेल्यावर अख्खी खोली रंगवायच्या ऐवजी एक भिंत रंगवून भागतं.

फर्निचर देणार असाल तर जरा थांबा. जो भाडेकरू स्वतःचं सामान घेऊन येतो, तो लवकर जात नाही. स्वयंपाकघरातली कपाटं आणि बेडरूममधलं एक कपाट भिंतीत पक्कं करून द्या, बाकी त्यांना आणू दे.

कडीकोयंडा:
उंबराताईंना दुजोरा. आणि पायवाट, खालच्या घरात कुणीतरी वयस्कर असण्याची शक्यता जास्त असते. दारं रुंद ठेवा, ९०० मिलिमीटरची, बाथरूमचंही. उंबरठा सपाट, आणि कमोडच्या शेजारच्या भिंतीत पुढे हाताला धरायची दांडी बसवता येईल असा भक्कम भाग. आईला घेऊन घर शोधत होतो तेव्हा बाथरूमची पायरी बघून किती घरं नाकारली त्याची गणती नाही. असं घर मिळालं असतं तर थोडं जास्त भाडं मी आनंदाने दिलं असतं.

पायवाट:
हा मुद्दा आमच्या डोक्यातही आला नव्हता. मनापासून आभार.

आता ठरलं ते लिहितो. दोन घरं, वर-खाली, बाथरूमवर बाथरूम, एकच बाहेरची डक्ट. खालच्या घरात दोन बेडरूम आणि रुंद दारं. वरच्या घरात दोन बेडरूम आणि कपडे वाळवायला आच्छादलेली मागची गॅलरी. कर्ज ५९ च्या आत, त्यासाठी सुरुवात काही महिने पुढे ढकलतोय, तोवर शिल्लक वाढवू. मातीची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. स्वतंत्र इंजिनियरशी बोलणं झालंय, टप्प्यांची यादी करारात घालायला ठेकेदार जरा नाखूश होता, पण तयार झाला.

एक शेवटचं विचारतो. टाइल जास्तीच्या किती घेऊन ठेवू?

ओळंबा:
तुटफूट आणि कापण्यासाठी १० टक्के तर घ्याव्याच लागतात. त्याशिवाय बाथरूमच्या प्रत्येक प्रकारच्या दोन-दोन पेट्या वेगळ्या ठेवा. खोक्यावरचा लॉट क्रमांक एकच आहे ना ते दुकानातच बघून घ्या. त्याच नावाची टाइल पुढच्या लॉटमध्ये छटेने वेगळी येते आणि पाच वर्षांनी तर ती बहुधा बनणंच बंद झालेलं असतं. पेट्या गच्चीवर उघड्यावर ठेवू नका, जिन्याखाली ठेवा. मातीचा अहवाल आला की इथे टाका, पायाची खोली बघू.